पौलाचीं चर्मपत्रें आणि आमच्या पाळकांचीं पुस्तकें

पाठ्यभाग : २ तीमथ्य ४ : ९–२१
सोबत वाचावयाचे भाग : नहेम्या ८ : १–८, ईयोब ४ : १–८ व ४२ : ७–९, २ शमुवेल २४ : १८–२५
पाठांतर : २ तीमथ्य २ : २

पाठाचा उद्देश : जे आम्हांस शास्त्र शिकवितात त्यांचें शिक्षण व त्यांस लागणारे ग्रंथ यांचा भार उचलणें हें परदेशांतील मंडळ्यांचेंच नव्हे, तर खेड्यांतील मंडळीचेंहि काम आहे, हें समजून घेणें.

१. कैदेंतून आलेली मागणी

तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीं पौल प्रेषित अगदीं घरगुती गोष्टींविषयीं लिहितो. तो बंदिवासांत आहे. सोबती पांगले आहेत. एकटा लूक तेवढा जवळ आहे. हिवाळा तोंडावर आला आहे, आणि आपला शेवट जवळ आला हें त्यास पक्कें ठाऊक आहे. अशा वेळीं तो तीमथ्यास कांहीं वस्तु आणावयास सांगतो : त्रोवस येथें कार्प नांवाच्या गृहस्थाच्या घरीं राहिलेला झगा, त्याबरोबर पुस्तकें, आणि त्यांतहि चर्मपत्रांचें त्याला अधिक अगत्य आहे.

झगा कां मागितला हें कोणासहि समजेल. थंडीच्या दिवसांत कैद्याला पांघरूण पाहिजे. पण पुस्तकें कशाला? ज्याला दिमिष्काच्या वाटेवर प्रभूचें दर्शन झालें, ज्यानें स्वतः मंडळ्यांस पत्रें लिहिलीं, आणि ज्याचे थोडेच दिवस उरले होते, त्यालाहि वाचनाची गरज वाटत होती. तर मग वर्षानुवर्षें त्याच मंडळींत दर आठवड्यास उपदेश करणाऱ्या आमच्यासारख्यांनीं, आम्हांस पुस्तकांवांचून चालतें, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तीं पुस्तकें पौलाच्या हातीं पडण्यास दोन माणसें हवीं होतीं. कार्पानें तीं आपल्या घरांत ठेवून घेतलीं. तीमथ्यानें तीं वाहून न्यावयाचीं होतीं. कार्प उपदेशक होता असें शास्त्र सांगत नाहीं. ह्या एका वचनापलीकडे त्याचें नांवहि कोठें येत नाहीं. तरी प्रेषिताच्या अभ्यासांत त्याचा वाटा आहे. आजच्या पाठांत आम्हांस ह्या कार्पाच्या कामाविषयीं बोलावयाचें आहे.

२. आमच्या हातून झालेली चूक

सेमिनरींत जाण्यापूर्वीं आम्ही दोन वर्षें एका खेड्यांत उपदेशकाचें काम करीत होतों. आमच्या पेटींत पवित्र शास्त्र व गीतांचें पुस्तक एवढेंच होतें. त्या गांवीं मंडळींतील एका बाईचें दुसरें मूल तापानें गेलें. पहिलें आदल्या वर्षीं गेलें होतें. आम्ही सांत्वनासाठीं गेलों, आणि दुःखाविषयींचा ग्रंथ म्हणून ईयोब उघडला. चवथ्या अध्यायांत अलीफज तेमानी ईयोबास असें सुचवितो कीं नाश होतो तो अपराध्याचाच. तें आम्हीं देवाचें वचन म्हणून वाचलें, आणि घरांत कांहीं गुप्त पाप असेल तर तें शोधून काढावें असा बोध केला.

बाई कांहीं बोलली नाहीं. पुढच्या रविवारीं ती उपासनेस आली नाहीं. त्याच्या पुढच्याहि नाहीं. मागाहून कळलें कीं सासू तिला आमच्याच शब्दांनीं टोचीत असे. दोन्ही मुलें तिच्या पापामुळें गेलीं, हें आतां उपदेशकानेंच सांगितलें होतें ना!

पुढें आम्ही सेमिनरींत दाखल झालों. तेथील ग्रंथसंग्रहांत ईयोबावरील एक जुना टीकाग्रंथ होता. त्याची शिवण उसवली होती. आरंभींच टीकाकारानें वाचकास बजाविलें होतें कीं मित्रांचीं भाषणें वाचतांना ग्रंथाचा शेवट विसरूं नये. शेवटच्या अध्यायांत परमेश्वर स्वतः अलीफजास दोष देतो, आणि तो व त्याचे दोघे मित्र आपणाविषयीं यथार्थ बोलले नाहींत असें ठरवितो. तें वाचल्यावर आम्हांस पुढें वाचवेना. ज्या बोलण्याचा देवास राग आला तेंच बोलणें आम्हीं देवाच्या नांवानें एका शोकग्रस्त आईच्या पदरांत घातलें होतें.

सुटींत आम्ही त्या गांवीं गेलों, आणि सासू व सून दोघींसमोर तो भाग वाचून आपली चूक कबूल केली. सून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मास्तर, मग हें तवांच का न्हाई सांगितलं?"

ती पुढें उपासनेस येऊं लागली. पण मधले आठ महिने आम्हांस तिला परत देतां आले नाहींत.

ह्या चुकींत आमचा आळस होता हें आम्ही लपवीत नाहीं. ईयोबाचा शेवटचा अध्याय आमच्या हातांतच होता. तरी कूशी अधिकाऱ्याच्या हातांतहि यशयाचा ग्रंथ होता, आणि फिलिप्प रथांत येऊन बसेपर्यंत त्याला अर्थ उमगला नव्हता. एज्राच्या काळीं लेव्यांनीं नियमशास्त्र नुसतें वाचलें नाहीं. लोकांस समजेल असा त्याचा अर्थ सांगितला. चांगला शिक्षक व चांगला टीकाग्रंथ हे फिलिप्पाचीच सेवा करितात. ते नसले म्हणजे जें नुकसान होतें तें सेमिनरीच्या भिंतींचें होत नाहीं. तें गांवांतील शेवटच्या घरीं बसलेल्या अशा बाईचें होतें.

३. आमच्या देशांत हें काम कसें वाढलें

देशी सेवक तयार करणें व त्यांस ग्रंथ पुरविणें हें काम भारतांत तीनशें वर्षांहून जुनें आहे. इ.स. १७०६ सालीं झिगेनबाल्ग व प्लुचाउ हे दोन जर्मन मिशनरी तामीळ मुलुखांतील तरंगंबाडी येथें आले. झिगेनबाल्ग ह्यांनीं लोकांची भाषा शिकून ताडपत्रांवरील तामीळ ग्रंथ जमविले, आणि १७०८ सालीं त्यांची यादी केली. त्यांस पाठविणारा राजा डेन्मार्कचा होता. छापखान्याची मदत इंग्लंडांत १६९८ सालीं स्थापन झालेल्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीकडून आली. तामीळ नवा करार १७१५ पर्यंत छापून निघाला, आणि १७१६ सालीं देशी सेवकांसाठीं शाळा उघडली. १७३३ सालीं आरोन ह्या तामीळ बंधूस पाळकपदाची दीक्षा मिळाली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती मिळालेला तो पहिला भारतीय होय. पाहा, ग्रंथांची यादी होऊन पंचवीस वर्षें लोटल्यावर एक पाळक उभा राहिला. हें पीक सावकाश येणारें आहे.

दुसरें उदाहरण बंगालांतील श्रीरामपूरचें. आमच्याकडील त्याच नांवाच्या गांवाहून हें निराळें. तेथें विल्यम केरी, मार्शमन व वॉर्ड यांनीं १८१८ सालीं कॉलेज स्थापिलें, आणि त्यांत ख्रिस्ती व इतर अशा दोन्ही प्रकारचे विद्यार्थी घेतले. १८२७ सालीं डेन्मार्कच्या राजानें त्यास पदव्या देण्याची सनद दिली. आमच्यावर केरीसाहेबांचें ऋण विशेष आहे. त्यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश प्रसिद्ध केला, आणि १८११ सालीं मराठी नवा करार श्रीरामपुरास छापला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली, संस्कृत व मराठी शिकवून त्यांस जो पगार मिळे त्याचा मोठा भाग ते मिशनच्या कामास देत. १८१२ सालीं छापखान्यास आग लागून पुष्कळ हस्तलिखितें जळालीं, तेव्हां त्यांनीं तें काम पुन्हां हातीं धरिलें. आज देशांतील पुष्कळ सेमिनऱ्यांचे विद्यार्थी ज्या परीक्षा देतात त्या श्रीरामपूरच्याच सिनेटच्या आहेत.

आमच्या मराठी मुलुखांतहि हा वारसा आहे. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं राहून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि साध्या माणसांस कळेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. १९२२ सालीं त्यांचा अंत झाला तोंपर्यंत त्या ह्या कामांत होत्या. मूळ भाषांचे कोश व व्याकरणें जवळ नसतीं तर हें काम एका खेड्यांत कसें झालें असतें? पुढें १९५३ सालीं यवतमाळ येथें युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. १९८३ सालीं ती पुण्यास गेली. आपल्या भूमींत असलेल्या शाळेस आपण परक्याची शाळा समजूं नये.

४. जगांतील मंडळ्यांनीं काय केलें

आतां थोडें देशाबाहेर पाहूं. १९३८ सालीं मद्रासजवळ तांबरम येथें निरनिराळ्या देशांतील मंडळ्यांची मोठी परिषद भरली. सेवकांचें शिक्षण फार दुर्बळ राहिलें आहे, असें तिनें स्पष्ट सांगितलें. शाळा होत्या, पण शिक्षक थोडे, पुस्तकें थोडीं, आणि जीं होतीं तीं बहुधा जुनीं व परक्या भाषेंतलीं. पुढें सी. डब्ल्यू. रॅन्सन यांनीं भारतांतील पाळकांच्या शिक्षणाची पाहणी करून एक ग्रंथ लिहिला.

हेच रॅन्सन पुढें एका मोठ्या निधीचे प्रमुख झाले. १९५७ च्या अखेरीस व १९५८ च्या आरंभीं आफ्रिकेंतील घाना देशांत आंतरराष्ट्रीय मिशनरी कौन्सिलची सभा भरली, आणि तींत थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड नांवाचा निधि उभारण्यांत आला. एकंदर रक्कम ४० लक्ष डॉलर होती. तींतील २० लक्ष धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगींतून आले, व तितकीच भर मिशन मंडळ्यांनीं घातली. ह्या निधींतून आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील सेमिनऱ्यांस इमारती, शिक्षकांचें पुढील शिक्षण, देशी भाषांतील पाठ्यपुस्तकें आणि ग्रंथसंग्रह ह्यांसाठीं मदत झाली. लहान सेमिनरीनें कोणतीं पुस्तकें घ्यावीं हें कळावें म्हणून १९६० सालीं पुस्तकांची एक मोठी यादी छापण्यांत आली. तिचें काम येल येथील ग्रंथपाल रेमंड मॉरिस यांनीं केलें.

यादीचें महत्त्व खेड्यांतील वाचकास लगेच वाटणार नाहीं. पण बियाण्याचें उदाहरण घ्या. पेरणीच्या वेळीं कोणी दयाळू माणसानें आपल्या कोठींतील उरलेसुरलें मिश्र बीं फुकट दिलें, तर शेतकरी आभार मानील. पण त्या बियाण्यावर वर्षाची भाकरी अवलंबून ठेवणार नाहीं. शेतास काय मानवतें हें पाहून निवडलेलें बीं पाहिजे. पुस्तकांचेंहि तसेंच आहे.

ह्याच निधीच्या कामांतून पुढें आणखी एक प्रश्न निघाला. १९७० नंतर तैवानचे शोकी को व त्यांचे सोबती विचारूं लागले : पुस्तकें आलीं, इमारती झाल्या, पण जें शिकवितों तें आमच्या लोकांच्या भुकेला, अन्यायाला व आशेला लागू पडतें काय? तरुण मंडळ्यांनीं पश्चिमेचा नुसता कित्ता गिरवूं नये. देवाच्या वचनाचा अर्थ आपापल्या भूमीवर उभें राहून शोधावा, असें त्यांचें म्हणणें होतें.

त्याच सुमारास दुसरीकडे शाळाच विद्यार्थ्याच्या दारीं नेण्याचा प्रयत्न झाला. मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत १९६३ सालीं एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीनें असें पाहिलें कीं खेड्यांतील खरे पुढारी शेती व कुटुंब सोडून शहरांत येऊं शकत नाहींत. तेव्हां त्यांस घरीं अभ्यासाचीं पुस्तकें द्यावयाचीं, आणि शिक्षकानें ठराविक दिवशीं जवळच्या ठिकाणीं जाऊन त्यांची भेट घ्यावयाची, असा क्रम सुरू झाला. भारतांत ह्या रीतीनें शिकविणारी संस्था १९७१ सालीं बंगलोरास निघाली. ज्या उपदेशकांस चार वर्षें घर सोडतां येत नाहीं त्यांनीं ही वाट ध्यानांत ठेवावी.

५. देणगी कशी असावी

दाविदास अरवना यबूसी खळें, बैल व लांकडें फुकट देत होता. पण ज्यास आपणांस कांहीं मोल पडलें नाहीं तें देवास अर्पावयाचें नाहीं, असें दाविदानें ठरविलें. पुस्तकें देणाऱ्यांनीं हा धडा नेहमीं पाळला असें नाहीं. माळ्यावर पडलेलीं पुस्तकें धूळ झटकून पेटींत भरलीं व दूरच्या देशीं पाठविलीं, म्हणजे दान झालें असें पुष्कळांस वाटतें. अशा पेटीला जहाजाचें भाडें पडतें, ती सोडवून आणण्यास दिवस जातात, आणि उघडावी तों एकाच पुस्तकाच्या कित्येक प्रती, अर्धवट संच, व आमच्या विद्यार्थ्यांस न समजणारे विषय निघतात. घेणारा संकोचानें नाहीं म्हणत नाहीं, आणि फळी भरते. विद्यार्थ्याचें डोकें मात्र रिकामें राहतें.

ह्याच्या उलट उदाहरणेंहि आहेत. इंग्लंडांतील पाळक जॉन स्टॉट (मृत्यु इ.स. २०११) ह्यांनीं आपल्या ग्रंथांपासून मिळणारें उत्पन्न गरीब देशांतील पाळकांस व सेमिनऱ्यांस पुस्तकें पुरविण्याच्या कामास लाविलें. पुढें त्या त्या देशाच्या लोकांनींच लिहावें असाहि प्रयत्न झाला. २००६ सालीं आफ्रिकेंतील सत्तर विद्वानांनीं लिहिलेली, सबंध पवित्र शास्त्रावरील एका खंडाची टीका प्रसिद्ध झाली. २०१५ सालीं दक्षिण आशियाच्या लेखकांची तशीच टीका निघाली. आफ्रिकेंतील पाळकास पूर्वजांविषयीं व चेटकाविषयीं मंडळी जे प्रश्न विचारते, ते लंडनच्या टीकाकारास कोण विचारणार? आमच्याकडेहि जातिभेद, नवस, अंगांत येणें, कर्जापायीं खचलेला शेतकरी, हे विषय आमच्याच माणसांनीं शास्त्राच्या उजेडांत मराठींत लिहिले पाहिजेत. तशीं पुस्तकें लिहिलीं जाण्यास लिहिणारा शिकलेला हवा, आणि घेणारी मंडळीहि हवी.

कोणी म्हणेल, आतां सर्व कांहीं मोबाइलवर मिळतें, मग पुस्तकांच्या कपाटांची काय गरज? मोबाइलवर चांगले ग्रंथहि येतात, हें खरें, आणि दूरच्या उपदेशकास तो मोठा लाभ आहे. पण त्याच वाटेनें असेंहि शिक्षण येतें कीं विश्वास पुरा असेल तर आजार राहत नाहीं, आणि गरिबी ही शापाची खूण आहे. वाचकहो, हा अलीफजच आहे. फक्त नव्या वेषांत आला आहे. खरें व खोटें निवडण्याची संवय ज्याला लागली आहे त्याला मोबाइल उपयोगी पडेल. ती संवय शिक्षकापाशीं बसून, ग्रंथास ग्रंथ ताडून पाहूनच लागते.

६. खेड्यांतील मंडळीनें काय करावें

एकदां आम्ही सेमिनरीसाठीं वर्गणी मागत असतां एक वडील म्हणाले, "पाळकसाहेब, उपासनामंदिराचें छप्पर गळतें आहे, आणि तुम्ही पुस्तकांसाठीं मागतां?" प्रश्न योग्य होता. आम्हीं त्यांस पौलाचेंच पत्र दाखविलें. त्यानें आधीं झगा मागितला आणि मग पुस्तकें. पण दोन्ही एकाच वाक्यांत मागितलीं. छप्पर अवश्य शाकारावें. मात्र छप्पर झालें कीं रंग, रंग झाला कीं घंटा, घंटा झाली कीं ध्वनिक्षेपक, असें करीत पुस्तकांची पाळी कधींच येत नाहीं, हें आपण सर्व जाणतों.

आम्ही मोठ्या रकमा मागत नाहीं. कापणीच्या सणांत धान्य, कोंबड्या व भाजीपाला यांचा लिलाव होतो. त्यांतील एक टोपली दरवर्षीं शास्त्रशिक्षणाच्या नांवानें ठेवावी. ज्या घरांत रोज स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य देवासाठीं बाजूला काढण्याची चाल आहे, त्यांनीं वर्षांतील एका महिन्याची मूठ ह्या कामास द्यावी. ज्या मंडळीचा मुलगा अथवा मुलगी सेमिनरींत जात असेल तिनें त्यास निरोपाचा हार घालून मोकळें होऊं नये. एक चांगला शब्दकोश किंवा टीकाग्रंथ घेऊन द्यावा, आणि त्यावर मंडळीचें नांव लिहावें. तो सेवक जेथें जाईल तेथें तें नांव त्याला आठवण देईल कीं आपल्या मागें कोणीतरी आहे.

उपदेशक बंधूंनीं आपल्या ठिकाणीं एक लहानसें कपाट करावें. दहा पुस्तकांनीं आरंभ झाला तरी पुरे. कपाटास तीन शत्रु असतात : वाळवी, ओल आणि कुलूप. वाळवीसाठीं कपाट भिंतीपासून चार बोटें दूर व जमिनीपासून उंच ठेवावें, आणि पंधरवड्यास एकदां सर्व पुस्तकें काढून पाहावीं. ओलीसाठीं पावसाळा सरतांच तीं उन्हाच्या कडेला, सावलींत, वाऱ्यावर उघडून ठेवावीं. तिसरा शत्रु आपल्याच हातचा आहे. पुस्तक हरवेल ह्या भीतीनें कपाट बंद ठेविलें, तर तें वाळवीनें खाल्ल्यासारखेंच झालें. एक वही करावी, नेणाऱ्याचें नांव व तारीख लिहावी, आणि पुस्तकें बाहेर जाऊं द्यावीं. जवळच्या चारपांच गांवांच्या उपदेशकांनीं महिन्यांतून एकदां जमून एकाच पुस्तकाचा एक अध्याय वाचावा, व येत्या रविवारच्या पाठ्यभागाचा अर्थ एकमेकांस विचारावा.

परदेशांतील बंधूंनीं पुष्कळ दिलें, व आम्हीं तें आनंदानें घेतलें. त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतों. पण ज्या कामांत आपली एक मूठहि पडली नाहीं त्याला आपण आपलें म्हणूं शकत नाहीं, आणि त्याविषयीं जाब विचारण्यास आपलें तोंडहि उघडत नाहीं. सेमिनरींत काय शिकवितात, तेथून आलेला पाळक आमच्या दुःखाला काय उत्तर देतो, हें विचारण्याचा हक्क ज्यानें वाटा उचलला त्यालाच शोभतो. त्या बाईनें आम्हांस जो प्रश्न केला तो पुन्हां कोणा मास्तरास ऐकावा लागूं नये, एवढ्यासाठीं आपण कार्पाचें काम करूं या. त्यानें पुस्तकें लिहिलीं नाहींत. त्यानें तीं आपल्या घरीं ठेवून घेतलीं.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. पौलानें कैदेंतून कोणत्या वस्तु मागितल्या? त्यांवरून त्याच्या अभ्यासाविषयीं काय दिसतें?
२. अलीफजाच्या भाषणांत काय चुकलें? देवाचें वचन वाचतांना कोण बोलत आहे हें पाहणें कां अवश्य आहे?
३. नहेम्याच्या आठव्या अध्यायांत लेव्यांनीं लोकांसाठीं काय केलें? तेंच काम तुमच्या मंडळींत आज कोण करितो, व त्याच्यापाशीं कोणतीं पुस्तकें आहेत?
४. दाविदानें अरवनाचें फुकटचें दान कां घेतलें नाहीं? पुस्तकें देतांना हा धडा कसा पाळावा?
५. तुमच्या मंडळीनें गेल्या पांच वर्षांत सेवकांच्या शिक्षणासाठीं काय दिलें? येत्या कापणीच्या सणांत काय देतां येईल, हें पंचांनीं बसून ठरवावें.

प्रार्थना : सेमिनऱ्यांतील शिक्षक, विद्यार्थी व ग्रंथपाल यांसाठीं; खेड्यांत एकट्यानें सेवा करणाऱ्या उपदेशकांसाठीं; आणि ज्यांस आमच्या अज्ञानानें दुःख झालें त्या सर्वांसाठीं.